आईचा तिखट कान

पार्सलमधून काळ्या मखमलीची अर्धी चड्डी निघाली, तेव्हा लिफ्टवाल्याला वाटलं, शेजाऱ्यांचं पार्सल चुकून आपल्याकडे आलंय. मग झालरीचा पांढरा सदरा निघाला, लाल बो निघाला, गुडघ्यापर्यंतचे मोजे निघाले, आणि तळाशी चॉकलेटचा डबा. डब्याला चिठ्ठी चिकटवलेली होती : 'आमच्या लाडक्या बालवादकास. वादनाआधी खाऊ नये, बोटं चिकट होतात.' चिठ्ठीवर नाव त्याचंच होतं. पत्ताही त्याचाच.

लिफ्टवाला एक्कावन्न वर्षांचा होता. डोक्यावरचे केस मोजके उरले होते आणि पोटाने त्याची भरपाई केली होती. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्ट त्याच्या दुरुस्तीवर वर-खाली होत. त्याने ती चड्डी दोन बोटांनी वर धरली. पाय तिच्यात गेलाच नसता, फार तर हात गेला असता, आणि तोही कोपरापर्यंत.

"कोणाची हो ही?" बायकोने विचारलं.

"माझी," लिफ्टवाला म्हणाला. त्याच्या कानशिलावरची शीर उडायला लागली होती.

सोबत एक पत्र होतं. गावातल्या मोठ्या सभागृहाला पंचाहत्तर वर्षं होत होती, आणि त्याच्या नव्या चिटणिसाने लिहिलं होतं : 'रेडिओवर आपलं व्हायोलिन ऐकून आम्ही अवाक झालो. अवघं सातवं वर्ष! आपल्या पालकांनी भरून पाठवलेला फॉर्म मिळाला. त्यातल्या मापाप्रमाणे पोशाख शिवून घेतला आहे. शनिवारी, बाळाची दुपारची झोप झाल्यावर, चार वाजता कार्यक्रम ठेवला आहे.'

"आई!"

आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती. शहात्तर वर्षांची, ताठ कण्याची, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा आणि कमरेला त्याचं पत्र्याचं घर. "ओरडतोस कशाला? लिफ्टमध्ये अडकलेय का मी?"

"हा फॉर्म कोणी भरला?"

"मी. तू कधी भरलायस आजवर?"

"आणि वय काय लिहिलंस?"

"फायलीत होतं ते."

ती फाइल घरात देवाच्या खालोखाल होती. तपकिरी पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली. तिच्यात कात्रणं होती, जुनी आमंत्रणं होती, आणि नमुन्यादाखल जपून ठेवलेला एक भरलेला फॉर्म होता. कुठूनही फॉर्म आला की आई फाइल सोडायची, नमुना समोर ठेवायची आणि मोत्यासारख्या अक्षरात उतरवून काढायची. नाव, वय, उंची, बुटाचं माप, 'बाळाला काय खायला आवडतं', सगळं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी बसलेली घडी. मध्यंतरी सदतीस वर्षं एकही फॉर्म आला नाही, यात तिचा काय दोष?

"अगं, फोटोपण तोच लावलास?"

"मग कोणता लावू? त्यानंतर तुझा एकतरी फोटो धड आलाय का?"

लिफ्टवाल्याने चड्डी टेबलावर आपटली. मखमल आपटून आवाज होत नाही, म्हणून त्याने चॉकलेटचा डबाही आपटला.

त्याच्या रागाला कारण होतं, आणि ते जुनं होतं. देव एखाद्या पोराच्या बोटांत सूर ठेवतो, तो त्याचा खेळ असतो. त्याला वाटत असावं, हे पोर आपल्याशी चार घटका खेळेल. पण माणसं त्या पोराला उचलून स्टुलावर उभं करतात, त्याच्या गळ्यात बो बांधतात आणि दारावर पाटी लावतात. सातव्या वर्षी लिफ्टवाला असाच स्टुलावर चढला. रोज चार तास सराव. त्याच्या समोर, अगदी नाकासमोर, खुर्ची टाकून आई बसायची. एक सूर चुकला की चष्म्याचं घर त्याच्या गुडघ्यावर यायचं : टक्. "हं! चुकलं!" कितीही बारीक चूक असो, गुरुजींच्या लक्षात येण्याआधी आईच्या लक्षात यायची. गुरुजी स्वतः हात जोडून म्हणायचे, "बाई, असा तिखट कान मी जन्मात पाहिला नाही." पुढे दोन स्पर्धांना तिला परीक्षक म्हणून नेलं. ती पहिल्या रांगेत बसून मुलांकडे टक लावून बघायची आणि तिचे निकाल कधी चुकले नाहीत.

नवव्या वर्षापर्यंत लोक रडायचे त्याच्या वादनाने. बाराव्या वर्षी त्याला स्टूल लागेनासं झालं आणि लोकांचं रडणं थांबलं. वाजवत तो आधीपेक्षा चांगलंच होता. चौदाव्या वर्षी एका कार्यक्रमानंतर पहिल्या रांगेतली एक बाई त्याच्यासमोरच आईला म्हणाली, "पूर्वी काय गोड दिसायचा हो!" त्या दिवशी त्याने व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि पेटी माळ्यावर. पुढे लिफ्टचं काम शिकला. लिफ्टच्या विहिरीत अंधार असतो, तेलाचा वास असतो आणि तिथे कोणी टाळ्या वाजवत नाही. एखादा अवघड नट सोडवताना खालचा ओठ दाताखाली जायचा, तेवढी एक जुनी खोड राहिली होती. बायको म्हणायची, "ओठ खाऊन पोट भरतं का हो?"

त्याने चिटणिसाला फोन लावला.

"कार्यक्रम रद्द करा."

"तुम्ही बाळाचे कोण?"

"मीच बाळ आहे!"

मग चिटणीस समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, मुलाला दडपण आलं असेल तर सांगा ना. आमच्याकडे एक ताई आहेत, त्या मुलांशी छान बोलतात. त्याला फोन देता का जरा?"

"अहो, मी एक्कावन्न वर्षांचा आहे! तुम्ही रेडिओवर ऐकलंत ते चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचं होतं!"

"पण फॉर्म तर गेल्या महिन्यातला आहे." चिटणिसाचा आवाज कडक झाला. "फोटो आहे. माप आहे. बाळाला पेढे नको, चॉकलेट आवडतं, असं स्वच्छ लिहिलंय. तुम्ही त्या मुलाला लपवून ठेवलंय का?"

ते पटवायला पाऊण तास लागला. पटल्यावर चिटणीस रडकुंडीला आला. सातशे तिकिटं खपली होती, बाळाचा फोटो चौकाचौकांत झळकत होता. "आता मी काय करू? माणसं लहान मूल बघायला येणारेत हो!"

"बघायला ना? ऐकायला नाही?" लिफ्टवाला कडाडला. "मग माकड आणा! त्याला चड्डीपण बसेल!" त्याने फोन आपटायला हात उचलला, तेवढ्यात आईने तो अलगद काढून घेतला.

"चिटणीस, काळजी नको," ती गोड आवाजात म्हणाली. "नात आहे की आमची. नऊ वर्षांची, पण अंगाने बारीक आहे."

चिमणी, म्हणजे ती नात, आठ महिन्यांपासून शाळेत व्हायोलिन शिकत होती. तिला एकच धून यायची. ती वाजायला लागली की समोरच्या घरातला कुत्रा पलंगाखाली जायचा. पण चिमणीला त्याचं काही नव्हतं. नाचत, उड्या मारत, मध्येच थांबून नाक पुसत ती वाजवायची. चुकली की खदखदून हसायची आणि तीच चूक मुद्दाम परत करायची. लिफ्टवाला संध्याकाळी दाराबाहेर बूट काढत ते ऐकत बसायचा. कधी कधी एक बूट काढायला त्याला अर्धा तास लागायचा.

"खबरदार!" तो ओरडला. "माझ्या पोरीला कोणी त्या स्टुलावर चढवलं तर!"

"बाबा, मी जाते ना!" चिमणी बो गळ्याला लावून आरशासमोर उभी होती. "मला चॉकलेटचा डबा मिळेल?"

"डबा आत्ता घे. बो काढ."

"अरे, तिच्यात आहे ते," आई म्हणाली. "मला डोळ्यांना दिसतं."

"तुला माझ्यातही दिसलं होतं! काय झालं त्याचं? आधी देव केलंत आणि मिसरूड फुटल्यावर विसर्जन!"

आई गप्प झाली. मटार संपले होते, तरी ती रिकाम्या शेंगा पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिली. लिफ्टवाल्याला वाटलं, प्रश्न मिटला. आई गप्प झाली म्हणजे प्रश्न मिटला, असं ज्याला एक्कावन्नाव्या वर्षीही वाटतं, त्याला खरोखरच सात वर्षांचा म्हणायला हरकत नाही.

शनिवारी साडेतीन वाजता तो एका दवाखान्याच्या लिफ्टखाली उताणा पडला होता, तेव्हा बायकोचा फोन आला. "अहो, मी दळण घेऊन आत्ता आले. घरात आई नाहीत. चिमणी नाही. व्हायोलिन नाही." ती थांबली. "आणि चड्डीपण नाही."

अंगावर तेलाने माखलेला कामाचा डगला, हातात हत्यारांची पेटी, अशा अवतारात लिफ्टवाला सभागृहाकडे धावला. वाटेत त्याने आईला सुनवायचं भाषण रचलं. सदतीस वर्षं ते तुकड्यातुकड्यांनी साठलं होतं, आज त्याला सलग सूत सापडलं. 'आई,' अशी सुरुवात होती, आणि त्यापुढे तिला एकही वाक्य मध्ये घुसवता येणार नव्हतं.

दारवानाने त्याला अडवलं नाही, उलट मिठीच मारायची बाकी ठेवली. "आलात? किती वेळ फोन करतोय तुमच्या ऑफिसला! चला, लवकर चला!"

"माझी मुलगी कुठे आहे?"

"मुलगीच तर अडकलीय!"

प्रकार असा होता. सभागृहाच्या रंगमंचाच्या मधोमध एक चौकोनी फळी होती, ती खालून यंत्राने वर येई. चिटणिसाची कल्पना अशी की अंधार करायचा, घंटा वाजवायची आणि बालवादक जमिनीतून उगवल्यासारखा वर यायचा. फळी पंधरा वर्षं वापरली नव्हती. चिमणीला घेऊन ती निघाली आणि दोन तृतीयांश वाटेवर रुसून बसली. सातशे लोकांना रंगमंचावर फक्त चिमणीचं डोकं, लाल बो आणि व्हायोलिनचं टोक दिसत होतं. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी डोक्यालाच टाळ्या वाजवल्या.

रंगमंचाखाली चिटणीस घामाघूम होऊन फिरत होता. डगल्यावरचं कंपनीचं नाव बघून त्याने लिफ्टवाल्याचे हातच धरले. "वाचवा हो! याच आठवड्यात फोनवर एका वेड्या बापाशी मारामारी झाली, आणि आता हे!"

"तो वेडा बाप मीच," लिफ्टवाला म्हणाला. "बाजूला व्हा."

चिटणीस असा बाजूला झाला की पुढचा बराच वेळ कोणाला सापडला नाही.

"चिमणे!"

"बाबा!" वरून आवाज आला. "माझे पाय खाली आहेत आणि डोकं वर आहे. मजा येतेय! पण आता खूप वेळ झाला."

फळीच्या कडेने तो वर चढला आणि तिच्या पायांपाशी गुडघे टेकून बसला. दोष बघायला त्याला एक मिनिट लागलं : दातेरी चाकात दोरखंडाची चिंधी अडकली होती. ती उपसताना खालचा ओठ दाताखाली गेला, चिंधी निघाली, तोंडातून एक शिवीही निघाली, आणि फळी एकदम जागी झाली. थांबवायची कळ खाली होती. खाली कोणी नव्हतं.

अशा रीतीने सातशे लोकांसमोर, घंटांच्या गजरात, मखमली चड्डीतली एक मुलगी आणि तिच्या पायांशी गुडघे टेकलेला, तेलाने काळा झालेला, हातात पाना धरलेला एक टकला माणूस, असे दोघे जमिनीतून उगवले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

लिफ्टवाला उभा राहिला. बाजूला तसंच स्टूल, समोर तोच काळोख, तीच पहिली रांग. मधल्या खुर्चीत आई. मांडीवर फाइल, हातात चष्म्याचं घर. त्याच्या डोक्यात रक्त चढलं. भाषण जिभेवर आलं. सातशे साक्षीदारांसमोर ते करायचं, याहून चांगला मुहूर्त मिळणार नव्हता. त्याने तोंड उघडलं आणि सहज चिमणीकडे पाहिलं.

चिमणीने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं होतं. ती समोरच्या माणसांकडे बघत होती. उड्या नव्हत्या, हसू नव्हतं. आणि तिचा खालचा ओठ दाताखाली गेला होता, अगदी पांढरा पडेपर्यंत.

तो ओठ त्याच्या ओळखीचा होता. रोज दाढी करताना आरशात भेटायचा.

पहिल्या रांगेत आईही अर्धवट उठून उभी राहिली होती. चष्म्याचं घर हातातून खाली पडलेलं तिला कळलंही नाही. "नको," असे तिचे ओठ हललेले त्याला दिसले. पण एवढ्या टाळ्यांत कोण कोणाचं ऐकतंय!

"चिमणे," तो खाली वाकून म्हणाला, "ते मला दे बघू."

"तुला येतं?" ती कुजबुजली.

"यायचं. तू इथे स्टुलावर बस. समोरच्यांचा कुत्रा पलंगाखाली कसा जातो ते दाखवतो तुला."

त्याने पाना खिशात टाकला आणि मुलांच्या मापाचं ते व्हायोलिन खांद्याला लावलं. त्याच्या हनुवटीखाली ते खारीसारखं दिसत होतं. सदतीस वर्षांनी त्याने गज टेकवला, आणि जो आवाज निघाला तो ऐकून तिसऱ्या रांगेतला एक तान्हा जागा झाला. लिफ्टवाल्याने पुढचा सूर शोधला. तो सापडला नाही, त्याचा शेजारी सापडला. तेलकट बोट तारेवरून घसरलं आणि सुराची लिफ्ट तिसऱ्या मजल्याऐवजी तळघरात गेली. स्टुलावरून चिमणी खदखदून हसली. मग त्याने तीच चूक मुद्दाम परत केली. ती आणखी हसली. आणि जो माणूस सातव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत शेकडो कार्यक्रमांत एकदाही हसला नव्हता, तोही त्या सातशे माणसांसमोर तोंड उघडून हसायला लागला. हसत हसत धून पूर्ण केली. मध्ये दोन ठिकाणी, कसे कोण जाणे, दोन सूर खरे लागले. असे लागले की तान्हा गप्प झाला. असल्या वेळी वाटतं, देव इतकी वर्षं त्याच वळणावर बसून राहिला होता की काय, पोर खेळायला कधी परत येतंय ते बघत.

लोक काय करावं ते न कळून टाळ्या वाजवत राहिले. मागच्या रांगेतून एक जण उठून म्हणाला, "फसवणूक आहे!" त्याचं काही चुकलं नव्हतं.

पडदा पडला. चिमणी घरून आणलेला डबा उघडून चॉकलेट खायला बसली, आता बोटं चिकट झाली तरी चालणार होतं. आई विंगेतून आली, भराभर. तिचे डोळे भरले होते.

लिफ्टवाला तयारच होता. "आई," त्याने सुरुवात केली.

"काय वाजवलंस रे!" आई म्हणाली. "इतकं सुंदर आयुष्यात वाजवलं नव्हतंस. एक चूक नाही! एकसुद्धा नाही!"

भाषण जिथल्या तिथे उभं राहिलं. "चूक नाही? आई, अगं, एक सूर जागेवर नव्हता. तुझा कान कुठे गेला?"

"कान?" आईने इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली, आणि आवाज खाली आणला. "मला कुठे रे सुरातलं कळतं? मला बाई पावा कोणता आणि शिट्टी कोणती, तेही कळत नाही."

"मग रोज... ते टक्... ते गुडघ्यावर?"

"तू चुकलास की ओठ चावायचास," आई म्हणाली. "मी तुझ्या तोंडाकडे बघत बसायचे. कानाची गरजच काय? सगळी पोरं चावतात. स्पर्धेतपण तेच बघायचे मी. एवढी मोठमोठी माणसं कान कान करायला लागली, मग माझ्याच्याने खरं सांगवेना." तिने डोळे पुसले. "आज चिमणीने पहिल्यांदा ओठ चावला. वाजवण्याआधीच कोणी चुकतं का रे? म्हणून उठले. पण तू आज एकदाही चावला नाहीस. पूर्ण वेळ बघत होते मी. एकदाही नाही."

सदतीस वर्षांचं भाषण, सलग, सूत लागलेलं. लिफ्टवाल्याने त्यातलं पहिलं वाक्य शोधलं, मग दुसरं, मग निदान शेवटचं. एकही सापडेना. रडू बाहेर पडू नये म्हणून त्याने तोंड घट्ट मिटलं आणि खालचा ओठ आपोआप दाताखाली गेला.

आईने कमरेला हात लावला. चष्म्याचं घर तिथे नव्हतं. मग तिने चिमणीच्या हातातून चॉकलेटच्या डब्याचं झाकण घेतलं आणि त्याच्या गुडघ्यावर हलकेच मारलं. टक्.

"हं! चुकलं!"